‘विश यू वेअर हिअर’: दूर असणे सुरांतून कसे ऐकू येते

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणे १९७५ साली आले आणि तेव्हापासून जगभर उदास मनाने ऐकले गेले. पाश्चात्त्य संगीतात आनंदासाठी मेजर आणि दुःखासाठी मायनर अशी एक ढोबळ विभागणी शिकवली जाते, आणि त्या विभागणीप्रमाणे पाहिले तर हे गाणे ‘जी मेजर’मध्ये, म्हणजे चक्क आनंदाच्या घरात बसते. त्याचे स्वर कोमल नाहीत, त्यात विलाप नाही, गायकाचा आवाजही कुठे रडवेला होत नाही. तरीही गाणे संपल्यावर आपण काही वेळ गप्प राहतो. ही उदासी नेमकी कशातून निर्माण होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर शब्दांत जितके आहे, त्याहून अधिक ध्वनीच्या बांधणीत आहे असे माझे मत झाले आहे, आणि ती बांधणी उलगडून दाखवण्यासाठी हा लेख आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. रॉजर ‘सिड’ बॅरेट यांचा जन्म १९४६ साली केंब्रिजमध्ये झाला. बँडचे रॉजर वॉटर्स आणि पुढे सामील झालेले डेव्हिड गिल्मोर हे दोघेही त्याच गावातले, तरुणपणापासूनचे मित्र. बँडचे नाव बॅरेट यांनी ठेवले, सुरुवातीची बहुतेक गाणी त्यांनी लिहिली, आणि १९६७ साली आलेला पहिला अल्बम मुख्यतः त्यांच्याच कल्पनेतून उभा राहिला. परंतु त्याच वर्षी त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळत गेले. एलएसडी या मादक द्रव्याचे मोठ्या प्रमाणावर होणारे सेवन त्याला किती कारणीभूत होते आणि मुळातला आजार किती होता, याबद्दल त्यांच्या जवळच्या माणसांतही मतभेद राहिले. मंचावर ते गिटार हातात घेऊन नुसते उभे राहू लागले. तेव्हा मदतीला म्हणून गिल्मोर यांना बँडमध्ये घेण्यात आले, आणि १९६८च्या जानेवारीत कार्यक्रमाला निघताना एके दिवशी बाकीच्यांनी बॅरेट यांना घरून सोबत घेण्याचे टाळले. एप्रिलमध्ये ते बँडमध्ये नसल्याचे जाहीर झाले. ज्या मित्राला सांभाळण्यासाठी बोलावणे आले, त्याचीच जागा कायमची घ्यावी लागणे, हे ओझे गिल्मोर यांच्या वाट्याला आले. गाण्यातला मुख्य आवाज त्यांचा आहे, ही गोष्ट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

पुढच्या पाच वर्षांत बँड मोठा झाला आणि मार्च १९७३मध्ये आलेल्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमने त्यांना इतके यश दिले की करायचे काही उरलेच नाही असे त्यांना वाटू लागले. रबर बँड, काचेचे पेले अशा घरगुती वस्तूंमधून संगीत काढण्याचा एक प्रकल्प त्यांनी हाती घेतला आणि तो अर्धवट सोडून दिला. जानेवारी १९७५मध्ये ते लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत नव्या अल्बमसाठी जमले, तेव्हा बँडचे चौघेही सदस्य शरीराने हजर आणि मनाने दुसरीकडे होते, असे त्यांनीच पुढे वेळोवेळी सांगितले आहे. या मरगळीतून वॉटर्स यांना अल्बमचा विषय सापडला. अनुपस्थिती हा तो विषय. मित्राची अनुपस्थिती आणि स्वतःची स्वतःपासूनची अनुपस्थिती, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र गुंफल्या गेल्या.

येथे एका लोकप्रिय समजुतीची दुरुस्ती करायला हवी. ५ जून १९७५ रोजी बॅरेट कोणतीही सूचना न देता स्टुडिओत आले. त्यांचे वजन खूप वाढले होते, डोके आणि भुवया भादरलेल्या होत्या, आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांना बराच वेळ ओळखलेच नाही. ओळख पटल्यावर वॉटर्स यांना रडू कोसळले. त्या वेळी स्टुडिओत ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या बॅरेट यांच्यावरच रचलेल्या दीर्घ रचनेचे काम चालू होते. ही घटना इतकी विलक्षण आहे की सगळा अल्बम तिच्यातूनच जन्मला, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात ती दीर्घ रचना बँडने १९७४च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कार्यक्रमांत आधीच वाजवलेली होती. म्हणजे माणूस नसताना त्याच्यासाठी गाणे झाले होते, आणि गाणे आकार घेत असताना तो माणूस दारात येऊन उभा राहिला, तर त्याला कोणी ओळखू शकले नाही. घटनाक्रम असा नीट लावला की ती गोष्ट अधिकच जिव्हारी लागते.

आता गाण्याकडे वळू. अल्बममध्ये त्याच्या आधी येणारे गाणे पूर्ण बँडच्या दणदणीत आवाजात चाललेले असते आणि शेवटाला अचानक तो सगळा आवाज आक्रसून एखाद्या लहान रेडिओतून यावा तसा बारीक होतो. मग कोणीतरी रेडिओचा काटा फिरवत असल्याचे ऐकू येते. खरखर, कुणाचे तरी तुटक बोलणे, चायकोव्हस्की यांच्या चौथ्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातला एक तुकडा, आणि मग एका ठिकाणी काटा थांबतो व गिटारीचे सूर सुरू होतात. हे रेडिओचे आवाज गिल्मोर यांच्या मोटारीतल्या रेडिओवरून मुद्रित केलेले आहेत. मी हे गाणे शाळेत असताना कॅसेटवर पहिल्यांदा ऐकले, तेव्हा फीत गुंतली असे समजून टेपरेकॉर्डर बंद केला, कॅसेट बाहेर काढली आणि पेन्सिल घालून चाक घट्ट फिरवले. पुन्हा लावल्यावर तीच खरखर आली, आणि तिच्या पलीकडून ती गिटार. ज्यांनी रात्री मीडियम वेव्हवर लांबचे केंद्र पकडण्याची धडपड केली आहे, त्यांना हा क्षण वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ती पहिली गिटार बारा तारांची आहे. सहा तारांच्या गिटारीतील प्रत्येक तारेच्या जागी येथे दोन तारांची जोडी असते. खालच्या चार जोड्यांतील दुसरी तार पहिलीच्या एक सप्तक वर लावलेली असते आणि वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात मिळवलेल्या असतात. त्यामुळे या गिटारीचा आवाज एरवी भरघोस आणि चमकदार येतो. पण येथे ध्वनिमुद्रणात त्यातील खर्जाचा आणि अति-तार स्वरांचा भाग मुद्दाम काढून टाकला आहे, आणि फक्त मधला पातळ भाग ठेवला आहे. आपले कान अंतर कसे ओळखतात, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तीचे मर्म कळते. जवळच्या आवाजात वजन असते, तारेवरून बोट सरकल्याची किरकिर असते, वाजवणाऱ्याचा श्वास असतो. हे सगळे काढून घेतले की तोच आवाज दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या गावातून किंवा दुसऱ्या काळातून आल्यासारखा वाटतो.

हा पातळ आवाज काही वेळ एकटाच चालतो आणि मग दुसरी गिटार सुरू होते. ही सहा तारांची आहे, आणि ती अगदी आपल्या कानाजवळ, त्याच खोलीत बसून कोणी वाजवावी इतकी स्पष्ट आहे. तिच्या आधी खोकल्याचा आणि नाकाने श्वास ओढल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. एरवी असे आवाज मुद्रणातून कटाक्षाने काढून टाकतात. येथे ते राहू दिले आहेत, आणि त्यांच्यामुळेच ती खोली व तिच्यात बसलेला माणूस आपल्याला ‘दिसतो’. आपल्या खोलीत एकटा बसलेला एखादा मुलगा रेडिओवर लागलेल्या गिटारीबरोबर आपली गिटार वाजवू लागतो, अशी ही कल्पना असल्याचे गिल्मोर यांनी स्वतः सांगितले आहे.

या दोन गिटारींच्या नात्यात गाण्याचा सगळा अर्थ शब्द येण्याआधीच सांगून झालेला असतो. जवळचा माणूस दूरच्याला ऐकू शकतो, त्याला साथ करू शकतो, त्याच्या जागा भरून काढू शकतो. पण दूरच्या गिटारीला या साथीची खबरच नाही. रेडिओला ऐकू येत नसते. ती गिटार आपल्या लयीत चालत राहते आणि जवळची तिच्या मागोमाग जाते. दोन्ही गिटारी एकाच माणसाने, म्हणजे गिल्मोर यांनीच वाजवल्या आहेत, हे लक्षात घेतले की वॉटर्स यांनी मांडलेला दुसरा अर्थही समोर येतो. माणूस स्वतःपासूनच इतका दूर जाऊ शकतो की त्याला स्वतःचाच आवाज खरखरीपलीकडून ऐकावा लागतो.

आता सुरुवातीला विचारलेल्या मेजर-मायनरच्या प्रश्नाकडे येऊ. ज्यांना गिटार येत नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेला तीन किंवा अधिक स्वरांचा गुच्छ. या गाण्याच्या आरंभीच्या सुरावटीत मुख्यतः तीन कॉर्ड येतात: ई मायनर सेव्हन, जी मेजर आणि ए सेव्हन सस फोर. जी या स्वराला आपण षड्ज मानले, तर जी मेजर म्हणजे सा, ग, प. ई मायनर सेव्हन म्हणजे ध, सा, ग, प. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दुःखाचा म्हणून ओळखला जाणारा कॉर्ड हा आनंदाच्या कॉर्डखाली एक धैवत ठेवून तयार झालेला आहे. वरचे तिन्ही स्वर तेच आहेत, फक्त पायाखालची जमीन बदलते. सुरावट या दोन कॉर्डांमध्ये मागेपुढे झुलते आणि आपण नेमके उजेडात आहोत की सावलीत, हे कानाला ठरवू देत नाही. तिसऱ्या कॉर्डमध्ये रे, प, ध, सा हे स्वर येतात. ज्या स्वरावरून त्या कॉर्डचा मेजर किंवा मायनर असा स्वभाव ठरला असता, तो स्वरच त्यातून काढून घेतलेला आहे.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात पाहिला तर आणखी एक गोष्ट नजरेस येते. या तिन्ही कॉर्डांत अनामिका आणि करंगळी वरच्या दोन तारांच्या तिसऱ्या पडद्यावर दाबून ठेवलेली असतात आणि ती तेथून हलतच नाहीत. बाकीची बोटे खाली आपापल्या जागा बदलत राहतात. त्या दोन बोटांखाली जे स्वर वाजतात ते आपल्या हिशेबात पंचम आणि षड्ज होत. म्हणजे आपल्या तंबोऱ्यात नेहमी मिळवले जाणारे दोन स्वर येथे सबंध सुरावटीवर अखंड निनादत राहतात. बँडने तंबोऱ्याचा विचार केला होता असे मी मुळीच सुचवत नाही. पण आधार-स्वर सतत वाजत असताना बाकीचे स्वर येऊन-जाऊन राहिले की एक प्रकारची स्थिर, न संपणारी वाट पाहण्याची अवस्था निर्माण होते, हे आपल्या कानांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच मराठी श्रोत्याला ही सुरावट पहिल्या भेटीत परकी वाटत नसावी.

सुरावटीच्या खालच्या तारांवर जी छोटी धून फिरते, तिच्यात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर आहेत. हे भूप रागाचे स्वर झाले. मात्र हेच पाच स्वर धैवताला षड्ज मानून मोजले तर कोमल गंधार आणि कोमल निषाद असलेल्या धानी रागाचे स्वर मिळतात. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात: स्वर तेच राहतात आणि षड्जाची जागा बदलली की भाव बदलतो. गाण्याची सुरुवात ही राग म्हणून बांधलेली नाही, हे मी पुन्हा स्पष्ट करतो. पण खालचा मूळ स्वर ई आणि जी यांच्यात बदलत असल्यामुळे आपला कान नकळत कधी भूपात आणि कधी धानीत असतो. गाण्याच्या पहिल्याच ओळींत ऐकणाऱ्याला विचारले जाते की वरवर सारख्या दिसणाऱ्या, पण खरोखरच परस्परविरुद्ध असलेल्या गोष्टी तुला वेगळ्या ओळखता येतात का. स्वर्ग आणि नरक, निळे आकाश आणि वेदना. शब्दांनी हा प्रश्न विचारण्याआधी सुरांनी तो विचारलेला असतो आणि त्यात आपण नापास झालेलो असतो. गाणे रचताना हे कोणी ठरवून केले की हाताला सापडत गेले, याने माझ्या मते फारसा फरक पडत नाही. ही सुरावट गिल्मोर स्टुडिओत बसून सहज छेडत होते आणि वॉटर्स यांचे लक्ष तिच्याकडे गेले, अशी तिच्या जन्माची हकीकत आहे.

शब्दांची रचनाही बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिला भाग ओळख पटण्याबद्दलचे प्रश्न विचारतो. दुसरा भाग सौद्याबद्दल विचारतो: ‘त्यांनी’ तुझ्याकडून काय घेतले आणि त्याबदल्यात काय गळ्यात मारले? लढाईतली छोटीशी भूमिका सोडून पिंजऱ्यातली मोठी भूमिका तू पत्करलीस का, असा त्यातला सर्वांत बोचरा प्रश्न आहे. हे ‘ते’ कोण, हे गाण्यात सांगितलेले नाही. परंतु अल्बममधली आधीची दोन गाणी संगीताच्या धंद्यावर, कलावंताला यंत्रात घालून त्याचे उत्पादन करणाऱ्या व्यवस्थेवर आहेत, आणि त्यांच्यानंतर ऐकताना संदर्भ आपोआप लागतो. बॅरेट यांनी तो सौदा नाकारला आणि त्यांची वाताहत झाली. मागे राहिलेल्यांनी तो स्वीकारला आणि ते आतून रिकामे झाले. त्यामुळे या प्रश्नांतला ‘तू’ एकाच वेळी दोघांना लागू पडतो. हे शब्द मुख्यतः स्वतःला उद्देशून आहेत, आयुष्य चालू असताना आपण त्यात खरोखर हजर आहोत का, असे ते विचारतात, ही वॉटर्स यांची भूमिका आहे. गिल्मोर यांनी मात्र सांगितले आहे की गाण्याचा आवाका मोठा असला तरी सिड यांची आठवण आल्यावाचून त्यांना ते गाता येत नाही. लिहिणाऱ्याचा ‘तू’ वेगळा आणि गाणाऱ्याचा ‘तू’ वेगळा, आणि आपल्याला दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतात.

एवढे प्रश्न झाल्यावर ध्रुवपद येते, आणि तेही सबंध गाण्यात एकदाच. रॉक संगीतात ध्रुवपद तीन-चार वेळा परत आणून श्रोत्याच्या मनावर ठसवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. येथे साडेपाच मिनिटांच्या आसपासच्या गाण्यात ते निम्म्याहून अधिक वेळ उलटल्यावर येते, आपण दोघे काचेच्या भांड्यातल्या माशांसारखे वर्षानुवर्षे गोल फिरणारे हरवलेले जीव आहोत असे सांगते आणि परत येत नाही. इतका वेळ दाबून ठेवलेली गोष्ट एकदाच बोलावी, तसे ते आहे. लय सेकंदाच्या काट्याच्या चालीच्या जवळपास आहे, त्यामुळे कोणत्याही शब्दाला घाई होत नाही.

शीर्षकाबद्दल थोडे अधिक थांबावेसे वाटते. ‘विश यू वेअर हिअर’ हे ब्रिटनमध्ये सुट्टीवर गेलेल्या माणसांनी घरी पाठवायच्या पोस्टकार्डावरचे ठरीव वाक्य होते. आपल्याकडे पत्रात ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहीत, आणि लिहिणाऱ्याने वा वाचणाऱ्याने त्या शब्दांकडे वेगळे लक्ष देण्याची अपेक्षा नसे, तसेच ते झालेले होते. वापरून गुळगुळीत झालेले हे वाक्य बँडने उचलले आणि त्याचा मूळचा अर्थ त्याला परत दिला. अल्बमबरोबर एक पोस्टकार्डही दिलेले होते: पाण्यात डोके खाली करून शिरलेला माणूस, वर फक्त पाय, आणि भोवती पाण्यावर एकही तरंग नाही. माणूस आहे, पण त्याच्या असण्याची खूण उमटलेली नाही. मुखपृष्ठावर दोन माणसे हस्तांदोलन करत आहेत आणि त्यांतला एक जळतो आहे. आणि हे चित्रसुद्धा दुकानात दिसू नये म्हणून सगळा अल्बम गडद प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून विकला गेला.

या वाक्याचे मराठी करायला गेलो की ‘तू इथे असतास तर’ असे होते. मराठी व्याकरणात हा संकेतार्थ: जे घडलेले नाही, पण घडले असते तर काय झाले असते, ते सांगणारे क्रियापदाचे रूप. इंग्रजीत ‘मला असे वाटते’ हे आधी सांगावे लागते. मराठीत ‘तर’ म्हणून थांबलो की वाक्य अर्धेच राहते, पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते, आणि इच्छा शब्दांत न सांगताही पोचते. गाण्याच्या शेवटाकडे गिल्मोर गिटारीच्या स्वरांबरोबर निरर्थक अक्षरांत गुणगुणत राहतात. त्या जागी मला नेहमी हे अर्धे सोडलेले ‘तर’ ऐकू येते.

हे गुणगुणणे चालू असतानाच वाऱ्याचा आवाज वाढू लागतो, गिटार त्यात बुडत जाते, आणि त्याच वाऱ्यातून सिड यांच्यावरील दीर्घ रचनेचा उत्तरार्ध सुरू होतो. बॅरेट ७ जुलै २००६ रोजी केंब्रिजमध्ये वारले. त्याच्या एक वर्ष आधी, २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’ या कार्यक्रमात वॉटर्स, गिल्मोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे चौघे २४ वर्षांनी प्रथमच एकत्र वाजवायला आले, तेव्हा हे गाणे सुरू होताना वॉटर्स यांनी ते येथे नसलेल्या सर्वांसाठी आणि अर्थातच सिडसाठी आहे असे सांगितले. चौघे पुन्हा कधी एका मंचावर आले नाहीत. राइट २००८ साली गेले.

वाऱ्याबद्दल आणखी एक हकीकत आहे. १९७५ साली अ‍ॅबी रोडमध्येच दुसऱ्या एका स्टुडिओत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन आणि स्तेफान ग्रापेली यांचे मुद्रण चालू होते. पंडित रविशंकर यांच्यासोबतच्या वादनामुळे मेन्युहिन यांचे नाव आपल्याकडेही परिचित आहे. गाण्याच्या शेवटी व्हायोलिन असावे असे बँडला वाटले, ग्रापेली तयार झाले आणि ते ३०० पौंड मानधनावर वाजवून गेले. अंतिम मिश्रणात ते व्हायोलिन वाऱ्याखाली इतके दाबले गेले की ते जवळजवळ ऐकूच येत नव्हते, म्हणून अल्बमवर त्यांचे नाव छापले नाही. ३६ वर्षांनी, २०११ साली, अल्बमची विस्तारित आवृत्ती निघाली तेव्हा ते व्हायोलिन असलेले मुद्रण लोकांना प्रथमच स्पष्ट ऐकायला मिळाले. ग्रापेली १९९७ सालीच वारले होते. आता ते व्हायोलिन ऐकून झाल्यावर मूळ गाणे लावले की शेवटच्या वाऱ्यात मी त्याला शोधत राहतो, आणि एखाद्या क्षणी ते सापडल्यासारखे वाटते.